हिमाने राखलेले जीव

१९९७ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, कुसावा सरोवराजवळच्या एका डोंगरावर रानमेंढ्यांच्या शिकारीला गेलेलं एक जोडपं बर्फाच्या पट्ट्यापाशी येऊन थबकलं. वितळत्या बर्फाच्या कडेने काळ्या लेंड्यांचा जाड थर उघडा पडला होता. नवरा वन्यजीवांचा अभ्यासक. लेंड्या कॅरिबूच्या आहेत हे त्याने ओळखलं, आणि ओळखलं म्हणूनच तो कोड्यात पडला. त्या डोंगरावर कित्येक दशकांत कुणी कॅरिबू पाहिलेला नव्हता. मग एवढ्या लेंड्या आल्या कुठून? तिथेच लाकडाचा एक बारीक तुकडाही मिळाला. त्याला तातीचे वेढे दिलेले होते. पुढे प्रयोगशाळेतून उत्तर आलं : लेंड्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, आणि लाकूड, म्हणजे फेकून मारायच्या भाल्याचा दांडा, चार हजार वर्षांहून जुना.

या पुस्तकाच्या विषयाला खरा वेग दिला तो या लेंड्यांनी. त्याआधी, १९९१ मध्ये, आल्प्सच्या माथ्यावर ओट्झी, बर्फात गोठलेला प्राचीन माणूस, सापडला होता आणि जगभर त्याचा गाजावाजाही झाला होता. पण तो पुन्हा न घडणारा योगायोग मानला गेला. युकॉनच्या शोधामुळे लक्षात आलं, की असे साठे अनेक डोंगरांवर असणार, आणि ते हुडकायचे तर आधी प्राण्याचा माग काढायला हवा. प्राणी बर्फावर कुठे जात होते हे कळलं, की माणूस त्यांच्यामागे कुठे गेला हेही कळतं. पुरातत्त्वज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ, हिमनद्यांचे अभ्यासक आणि जनुकशास्त्रज्ञ एका चिखलट उतारावर शेजारी शेजारी गुडघे टेकून बसू लागले ते तेव्हापासून.

बर्फातून अखंड देह निघाला की बातमी होते. केसाळ, डोळे मिटलेला, जणू कालच झोपी गेलेला प्राणी छायाचित्रात दिसतो आणि आपण हरखतो. त्यात गैर काही नाही. तरीही हा विषय इतकी वर्षं वाचल्यावर माझं मत ठाम झालं आहे की त्याचा पाया लेंड्या, गळालेले केस, मोडकी शिंगं आणि कीटकांचे चुरलेले पाय यांवर उभा आहे. अखंड देह एका प्राण्याच्या मरणाची हकिगत सांगतो. लेंड्यांचा थर हजारो प्राण्यांच्या जगण्याची सांगतो : ते कोणत्या ऋतूत आले, काय चरले, किती शतकं येत राहिले आणि कधी यायचे थांबले. पुढच्या पानांत वाचकाला देहांपेक्षा लेंड्या जास्त भेटतील, तेव्हा त्याने हिरमुसू नये.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरायला हवा. सैबेरियात सापडलेली मॅमथची पिल्लं, लांडग्यांचे बछडे, गेंडे यांची छायाचित्रं ‘हिमनदीत गोठलेले प्राणी’ अशा मथळ्याखाली सर्रास छापली जातात. ते प्राणी हिमनदीतले नाहीत. ते पर्माफ्रॉस्टमधले, म्हणजे वर्षानुवर्षं गोठून राहिलेल्या जमिनीतले आहेत. माती, गाळ, वाळू यांच्यासकट ती जमीन गोठते आणि हलत नाही. त्यामुळे तिच्यात चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वीचे देहही टिकतात. हिमनदीचं तसं नाही. नावाप्रमाणे ती वाहते. बर्फाचा थर तीसएक मीटरहून जाड झाला की तो स्वतःच्याच भाराने आतून ढळू लागतो, उतारावरून सरकतो, तळाच्या खडकावर घासतो, भेगाळतो. अशा बर्फात पडलेला प्राणी ताणला जातो, चिरडला जातो, आणि काही दशकांनी किंवा शतकांनी हिमनदीच्या मुखाशी तुकड्यातुकड्यांनी बाहेर येतो. वाहत्या हिमनदीत दहा हजार वर्षांचा देह शोधायला जाणं म्हणूनच व्यर्थ आहे.

जुने अवशेष मिळतात ते तिसऱ्याच ठिकाणी. डोंगराच्या सावलीच्या बाजूला, खोलगट भागात, वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ साचतो आणि उन्हाळ्यातही पुरता वितळत नाही. हा बर्फ जाडीने बेताचा असतो, त्यामुळे वाहत नाही. त्याला या पुस्तकात ‘बर्फपट्टा’ म्हटलं आहे. लांबून पाहिलं तर डोंगराच्या कुशीतला एक मळकट पांढरा डाग, त्यापलीकडे काही नाही. गिर्यारोहक त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण नॉर्वेतल्या युव्हफोना या बर्फपट्ट्यात बोगदा खोदून तळाच्या बर्फाचं वय काढलं तेव्हा ते साडेसात हजार वर्षांहून अधिक निघालं. एवढा काळ तो बर्फ जागच्या जागी पडून होता, आणि त्याच्यावर जे काही पडलं तेही.

बर्फ नेमकं काय राखतो हे समजून घ्यायला आपल्याकडचं एक उदाहरण उपयोगी पडेल. पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातल्या त्या गावात गुरांची, शेळ्यामेंढ्यांची, हरणांची हाडं मोठ्या प्रमाणात मिळाली आणि त्यांच्यावरून तिथल्या लोकांचा आहार, पशुपालन, शिकार यांचं चित्र उभं राहिलं. हाडांवरून प्राणी ओळखण्याची भक्कम परंपरा पुण्यात आहे ती अशा कामातून. पण आपल्या मातीत आणि आपल्या उन्हापावसात उरतात ती हाडं आणि दात. कातडं, केस, लोकर, आतडी, आतड्यातला चारा, अंगावरच्या गोचिड्या यांतलं काहीही तीन हजार वर्षं टिकत नाही. इनामगावची गाय काळी होती की तांबडी, हे हाड सांगत नाही. बर्फात नेमकं हेच उरतं. केसाचा रंग उरतो, खुराची चकाकी उरते, लेंडीतलं पान भिंगाखाली ओळखू येतं.

हे कसं होतं? थंडीने जिवाणूंचं काम मंदावतं, देहातली स्वतःची पाचकद्रव्यंही निष्क्रिय होतात. त्याच वेळी कोरड्या, थंड वाऱ्यात ऊतींमधलं पाणी बर्फावाटे थेट हवेत उडून जातं आणि देह सुकत जातो. ज्यांनी उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळवल्या आहेत त्यांना पाणी गेलं की पदार्थ टिकतो हे सांगायला नको. इथे ऊन नाही, थंडी आणि वारा ते काम करतात. मात्र देह ओल्यात राहिला, वितळणं आणि गोठणं आलटून पालटून होत राहिलं, तर चरबीचं मेणासारख्या पांढऱ्या पदार्थात रूपांतर होतं आणि आकार तेवढा राहतो. अभ्यासक देहाकडे पाहून पहिला प्रश्न विचारतात तो हाच : हा कोरडा राहिला की ओला?

याचं एक ताजं उदाहरण इटलीच्या दक्षिण टिरोल भागातलं आहे. २०२० मध्ये, सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, एका गिर्यारोहकाला बर्फातून अर्धवट बाहेर आलेला शॅमॉय दिसला. शॅमॉय म्हणजे आल्प्समधला, शेळीच्या कुळातला, आकड्यासारख्या शिंगांचा चपळ प्राणी. केस गेलेले, कातडं चामड्यासारखं ताठ झालेलं. वय निघालं सुमारे चारशे वर्षं. जागा इतकी दुर्गम होती, की तो उचलून आणायला लष्कराच्या डोंगरी तुकडीची आणि हेलिकॉप्टरची मदत घ्यावी लागली. त्याला खास बनवलेल्या पेटीत घालून बोल्झानोच्या युराक संशोधन संस्थेत नेलं आणि उणे पाच अंश सेल्सिअसमध्ये ठेवलं. त्याच्यावरचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मानवी ममी एकुलत्या एक असतात, त्यांच्यावर प्रयोग करून पाहता येत नाहीत. तापमान, ओल, हाताळणी यांमुळे जुना डीएनए कसा आणि किती झपाट्याने तुटतो, ते या शॅमॉयवर तपासता येतं. एका मेलेल्या जनावराच्या आधाराने इतर सगळे गोठलेले देह कसे सांभाळायचे ते शिकायचं, असं हे काम.

कारण बर्फाबाहेर आलेला देह फार काळ थांबत नाही. पहिल्याच उबदार दिवशी माश्या येतात, मग कावळे, कोल्हे. ऊन केसांचा रंग उडवतं, पाऊस लेंड्या विरघळवतो, वाऱ्याने हलक्या वस्तू उडून जातात. हजारो वर्षं तग धरलेलं कातडं दोनतीन उन्हाळ्यांत मातीमोल होतं.

आता कॅरिबूंकडे वळू. कॅरिबू आणि युरोपातला रेनडियर ही एकाच जातीची दोन नावं. चरायला गवत नाही, प्यायला पाणी धड नाही, अशा उघड्या बर्फावर हा प्राणी मुळात जातो कशाला? शिकारी जमातींना याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. जुलैच्या उबदार दिवशी कॅरिबू डासांनी हैराण होतो. पण त्याहून वाईट शत्रू म्हणजे दोन जातींच्या माश्या. एक माशी त्याच्या पायांवरच्या आणि पोटाखालच्या केसांना अंडी चिकटवते. अळ्या कातड्यातून आत शिरतात, अंगातून सरकत पाठीपर्यंत पोहोचतात आणि तिथे कातड्याला भोक पाडून, त्यातून श्वास घेत हिवाळा काढतात. एकेका प्राण्याच्या पाठीवर अशी शेकडो गळवं असू शकतात. दुसरी माशी उडता उडता थेट नाकपुडीत जिवंत अळ्या सोडते. त्या घशात वाढतात. ही माशी जवळ आली की कॅरिबू चरणं सोडतो, मुंडी खाली घालतो, पाय आपटतो, उधळतो. थंड बर्फावर मात्र या माश्यांना उडणं जमत नाही. म्हणून दुपारचे तास कळप बर्फपट्ट्यावर दाटीवाटीने उभा राहतो, रवंथ करतो, लेंड्या टाकतो, आणि संध्याकाळी खाली उतरतो. नॉर्वेत आजही गरम दिवशी रेनडियर असेच बर्फावर उभे दिसतात. हजारो वर्षांचा तो थर जमला तो माश्यांच्या धाकाने, ही गोष्ट मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते.

कळप बर्फावर येतो म्हणजे शिकारी तिथे येणार, आणि नेम चुकलेला बाण बर्फात रुतून बसणार. युकॉनमध्ये सहा मूलनिवासी समाजांच्या सहभागाने हे काम चाललं. कुठे शोधायचं ते ठरवण्यात, मिळालेल्या वस्तूंचं काय करायचं ते ठरवण्यात त्यांचा शब्द होता, आणि त्यांच्या तरुणांनी डोंगरावर प्रत्यक्ष कामाला हात लावला. तिथे सुमारे नऊ हजार वर्षांपर्यंत मागे जाणारी हत्यारं मिळाली. त्यांतून असं दिसतं, की हजारो वर्षं शिकारी फेकभालेच वापरत होते आणि साधारण बाराशे वर्षांपूर्वी बऱ्यापैकी अचानक धनुष्यबाण आले. नॉर्वेत तर पातळ काठ्यांच्या रांगा मिळाल्या, टोकाला हलतं काहीतरी बांधलेल्या. वाऱ्याने फडफडणाऱ्या या काठ्यांना बिचकून रेनडियर शिकाऱ्याच्या दिशेने वळत. ज्याने ती युक्ती काढली तो रेनडियरची नजर आणि भीती किती बारकाईने ओळखत असेल!

नॉर्वेच्या लांगफोना या बर्फपट्ट्यावर ६८ बाण मिळाले. सर्वांत जुने सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे. सोबत रेनडियरची हाडं आणि शिंगंही मिळाली. सर्वसाधारण समज असा, की जास्त बाण म्हणजे जास्त शिकार आणि म्हणून जास्त हाडं. तिथे तसं दिसलं नाही. काही काळात हाडं भरपूर आणि बाण थोडे, तर व्हायकिंग काळाच्या आसपास बाण भरपूर आणि हाडं थोडी. अभ्यासकांचा तर्क असा, की त्या काळात शिंगांना आणि कातड्यांना बाजारात मोल आलं होतं, त्यामुळे शिकारी सगळं काही उचलून नेत. हा तर्क मला पटतो. बर्फाने काय दिलं याइतकंच काय दिलं नाही, तेही वाचावं लागतं.

आणि बर्फ वाचणं वाटतं तितकं सरळ नाही. बर्फपट्टा कापला तर आत पांढऱ्या आणि काळ्या रेघा दिसतात. काळी रेघ लेंड्यांची. मनात येतं, एक रेघ म्हणजे एक उन्हाळा. प्रत्यक्षात एखाद्या उबदार काळात बर्फ वरून वितळत गेला, तर वीस-पंचवीस उन्हाळ्यांच्या लेंड्या खाली खाली येत एकाच रेघेत गोळा होतात. वस्तूही एकदा बाहेर पडून, वितळलेल्या पाण्यासोबत घसरून, पुन्हा नव्या बर्फाखाली गाडल्या जाऊ शकतात. म्हणून लेंडी, केस, हाड, काठी यांतल्या प्रत्येकाचं वय कार्बन-१४ पद्धतीने स्वतंत्रपणे काढावं लागतं. शेजारी सापडलं म्हणजे एकाच काळातलं, हा उत्खननातला नेहमीचा आधार इथे चालत नाही.

वय कळल्यावर पुढची पायरी आत शिरायची. लेंडी पाण्यात भिजवून सोडवली की दगडफूल, गवताचे आणि नेच्यांचे तंतू, विलोच्या पानांचे तुकडे, परागकण हाती येतात. केसातल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून आहार ऋतूगणिक कसा बदलला ते कळतं. हाडातून डीएनए काढला तर वंशावळ उलगडते. युकॉनच्या कॅरिबूंवरचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने मुद्दाम वाचण्याजोगा आहे. सुमारे सहा हजार वर्षांच्या हाडांतून मातृवंशाचा डीएनए काढला तेव्हा दिसलं, की पाच हजार वर्षं साधारण एकच घराणं तिथे नांदत होतं आणि हजारएक वर्षांपूर्वी त्याची जागा काही अंशी दुसऱ्या घराण्याने घेतली. त्याच सुमारास, नवव्या शतकात, अलास्काच्या सीमेजवळ एक प्रचंड ज्वालामुखी फुटला होता आणि युकॉनच्या मोठ्या भागावर पांढरी राख पसरली होती. चारा राखेखाली गेला, कळप हटले आणि पुढे दुसरीकडचे कळप आले, असं संशोधकांना वाटतं. काळ जुळतो म्हणून कारण सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवूनही हा धागा भक्कम आहे असं मी म्हणेन.

२०१४ मध्ये याच्याही पुढचं पाऊल पडलं. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातल्या सेल्विन डोंगररांगेत मिळालेल्या, सातशे वर्षांपूर्वीच्या कॅरिबूच्या गोठलेल्या लेंड्यांतून विषाणूंची जनुकीय सामग्री निघाली. त्यांतला एक विषाणू संशोधकांनी त्या सामग्रीवरून प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला. त्याने तंबाखूच्या जातकुळीतल्या एका रोपाला खरोखर लागण केली. बहुधा तो कॅरिबूने खाल्लेल्या झाडपाल्यावरचा, किंवा त्या पाल्यावरच्या किड्यांमधला असावा. यावरून घबराट पसरवणाऱ्या बातम्या झाल्या, त्या अनाठायी होत्या. पण बर्फ वितळताना त्यातून काय काय बाहेर पडतं याचा हिशोब ठेवायला हवा, हे त्यातून पुढे आलंच.

या पुस्तकातला मला सर्वांत जवळचा भाग मात्र टोळांचा आहे. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली होती. राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरले, आणि संत्र्याच्या बागा वाचवायला शेतकऱ्यांनी थाळ्या, डबे वाजवून रात्री जागवल्या. ज्यांनी ते आकाश पाहिलं त्यांना पुढचं वर्णन पटेल. जून १८७५ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात अल्बर्ट चाइल्ड या वैद्याने डोक्यावरून जाणारा टोळांचा थवा पाच दिवस पाहिला. त्याने वेगाचा अंदाज घेतला, इतर गावांकडून तारेने माहिती मागवली आणि हिशोब मांडला. थव्याची रुंदी सुमारे १७७ किलोमीटर, लांबी सुमारे २,९०० किलोमीटर. क्षेत्रफळ पाच लाख चौरस किलोमीटरांवर जातं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. थव्यात विरळ जागाही असणार. तो निम्म्यावर आणला तरी छाती दडपते.

हा टोळ म्हणजे रॉकी पर्वतातला टोळ, शास्त्रीय नाव ‘मेलानोप्लस स्प्रेटस’. १८७०च्या दशकात त्याने अमेरिकेच्या मैदानी भागातली शेती उद्ध्वस्त केली. पीक संपलं की तो कपडे, घोड्यांचा साज, अवजारांचे लाकडी दांडेही कुरतडे, असं तेव्हाच्या नोंदी सांगतात. त्याच्या बंदोबस्तासाठी १८७७ मध्ये अमेरिकी सरकारने कीटकशास्त्रज्ञांचा स्वतंत्र आयोग नेमला. आणि मग तो नाहीसा झाला. १९०२ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबात गोळा केलेले नमुने त्याचे शेवटचे जिवंत नमुने ठरले. खंड झाकणारा जीव एका माणसाच्या हयातीत संपला आणि शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकल्यामुळे तो का संपला हे बराच काळ कुणी विचारलं नाही. कित्येकांना तर वाटे, की तो वेगळी जात नव्हताच. आज सर्वत्र आढळणाऱ्या एका नाकतोड्याचं ते थवेबाज रूप होतं आणि परिस्थिती आली की ते परत येईल.

वायोमिंग विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवूड यांनी हा प्रश्न हिमनद्यांवर नेला. मोंटाना राज्यात कुक सिटीजवळ, बेअरटूथ पर्वतात ‘ग्रासहॉपर ग्लेशियर’ नावाचीच हिमनदी आहे. डोंगर ओलांडताना वाऱ्याने खाली फेकलेले थवे तिच्यावर गोठले होते आणि त्यांच्या काळ्या पट्ट्यांवरूनच तिला नाव मिळालं. पण लॉकवूड पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. बर्फ आटला होता, आणि टोळांचा कुजका लगदा तेवढा शिल्लक होता. त्यांनी शोध सोडला नाही. वायोमिंगच्या विंड रिव्हर पर्वतरांगेत नाइफ पॉइंट हिमनदीवर त्यांच्या तुकडीला अखेर ओळखता येण्याजोगे देह मिळाले, साधारण चारशे वर्षांपूर्वीचे. टोळांच्या जवळच्या जाती पंखांवरून वा रंगावरून नीट वेगळ्या ओळखता येत नाहीत; नराच्या जननेंद्रियाचा भाग पाहावा लागतो. मोहरीएवढा तो अवयव, चारशे वर्षं ओल्या बर्फात राहिलेला, सुईच्या टोकाने सोडवून भिंगाखाली धरायचा आणि संग्रहालयातल्या नमुन्याशी ताडून पाहायचा. त्यांनी ते केलं, आणि हाच तो टोळ अशी खात्री पटली.

मग प्रश्न उरला : गेला कसा? लॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये मांडलेली उपपत्ती अशी. थवे खंडभर फिरत असले तरी दोन टोळधाडींच्या मधल्या काळात हा टोळ डोंगरातल्या मोजक्या नदीखोऱ्यांत मागे उरत असे. तिथल्या मऊ मातीत माद्या अंडी घालत. नेमक्या त्याच खोऱ्यांत, थवे ओसरलेले असताना, वसाहतवाले शेती करायला उतरले. नांगराने अंडी वर आली, पाटाच्या पाण्याने बुडाली, गुरांच्या खुरांखाली तुडवली गेली. टोळ मारायचा म्हणून कुणी हे केलं नाही. विस्तार कितीही अफाट असला तरी जिवाचा कणा एखाद्या चिंचोळ्या जागेत असू शकतो. ती जागा गेली की तो जातो. हिमनदीतल्या देहांनी या उपपत्तीला दोन आधार दिले. त्यांच्यामुळे त्या जातीची ओळख पक्की झाली, आणि शेतकरी येण्याच्या कितीतरी आधीपासून ती डोंगर ओलांडत होती हेही कळलं.

ओट्झीबद्दल मराठीत बरंच लिहून आलं आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. तो माणूस असला तरी त्याच्यासोबत प्राण्यांचा एक छोटा संग्रहच गोठला होता. २०१६ मध्ये त्याच्या कपड्यांच्या चामड्याचा डीएनए तपासला गेला : टोपी तपकिरी अस्वलाची, बाणांचा भाता रो हरणाचा, अंगरखा शेळी आणि मेंढी यांच्या कातड्यांचे पट्टे जोडून केलेला, पायांवरचं आवरण शेळीचं, बुटाची दोरी गाईची. पोटात आयबेक्स या रानशेळीचं आणि तांबड्या हरणाचं मांस. पाच हजार तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने पाळीव आणि रानटी जनावरांचं कुठलं कातडं कशाला वापरलं, ही निवड इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे कुठेही पाहायला मिळत नाही.

उलट उदाहरण किलिमांजारोचं. १९२६ मध्ये तिथल्या शिखरावर, विवराच्या कडेजवळ, रिचर्ड रॉयश या पाद्र्याला गोठलेला बिबट्या आढळला. हेमिंग्वेच्या कथेमुळे तो बिबट्या अजरामर झाला. रॉयश यांनी आठवण म्हणून त्याचा कान कापून आणला. देह पुढे नाहीसा झाला. इतक्या उंचावर बिबट्या का गेला होता हे त्याच्या पोटातल्या अन्नाने, केसांनी, दातांनी कदाचित सांगितलं असतं. त्या काळी कुणाला ते प्रश्न विचारायची साधनं नव्हती, म्हणून दोष देता येत नाही. हळहळ मात्र वाटते.

आज साधनं आहेत, वेळ नाही. या कामाचा हंगाम उत्तर गोलार्धात जेमतेम ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. आधी गेलं तर गेल्या हिवाळ्याचा बर्फ अवशेषांवर असतो, नंतर गेलं तर नवा पडलेला असतो. एखाद्या वर्षी उन्हाळा थंड गेला तर काहीच उघडत नाही. एखाद्या वर्षी इतकं उघडतं, की माणसं अपुरी पडतात. जुना बर्फ तळाशी असतो, त्यामुळे जितके जुने अवशेष मिळतील तितका त्या पट्ट्याचा शेवट जवळ आलेला असतो. मिळालेल्या प्रत्येक वस्तूचा आनंद अभ्यासकांना या जाणिवेसकटच होतो, आणि त्यांच्या लिखाणात ती जाणीव लपत नाही.

आशियात हे काम अलीकडे सुरू झालं आहे. पश्चिम मंगोलियात अल्ताय पर्वतातल्या बर्फपट्ट्यांवर आर्गली या रानमेंढीचे अवशेष आणि शिकारीची हत्यारं मिळाली आहेत, सुमारे साडेतीन हजार वर्षांपर्यंत मागे जाणारी. हिमालयाबद्दल आपल्याला आठवतं ते उत्तराखंडातलं रूपकुंड. ते सरोवर आहे, आणि तिथले सांगाडे माणसांचे. तरी त्याचा धडा इथे लागू पडतो. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ती हाडं तपासली होती. २०१९ मध्ये ३८ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा तिथे एकाच दुर्घटनेचे बळी नाहीत, तर सुमारे हजार वर्षांच्या अंतराने मेलेले निरनिराळ्या वंशांचे लोक आहेत असं दिसलं. त्यांतला एक गट पूर्व भूमध्यसागरी प्रदेशातल्या लोकांशी नातं सांगणारा होता. पण कोणतं हाड मुळात कुठे होतं, हे आता कळणं कठीण आहे, कारण दरडींनी ती विखुरली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी उचलली, रचली, नेली.

महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने गिर्यारोहक हिमालयात जातात. भरल या रानमेंढीची शिंगं, आयबेक्सची कवटी, एखाद्या कातड्याचा तुकडा त्यांच्या वाटेवर येतो. तो उचलून आणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा अवशेष सरकारची मालमत्ता ठरतो, ही एक बाब. दुसरी अशी, की जागेवरून हलवलेल्या शिंगाची निम्मी माहिती तिथेच संपते. शेजारी काठी, पट्टी किंवा निदान पेन ठेवून जवळून एक फोटो घ्यावा. मग मागे जाऊन बर्फाची कड आणि डोंगर दिसेल असा दुसरा. फोनवरचे अक्षांश-रेखांश, उंची, तारीख लिहून ठेवावी आणि परतल्यावर वनखात्याला कळवावं. वस्तू उलटी करू नये. उन्हाकडची बाजू पांढरी पडली असेल आणि बर्फाकडची अजून पिवळट, चिकट असेल, तर ते हाड किती उन्हाळे उघड्यावर आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि पुढच्या वर्षी तिथे कुणी जायचं की नाही हे त्यावर ठरतं.